रिकाम्या गाडीचं वजन

दिवसभर मी काट्यावर बसतो,
लाखांदूर रोडच्या राईस मिलच्या दारात.
धानाचा ट्रॅक्टर चढतो,
पडद्यावरचा आकडा थरथरतो, थांबतो.
भरलेलं वजन. मग रिकामं वजन.
उरतं ते धान.
या कॉम्प्युटरला दुसरं काही विचारायचं नाही.
पत्ते होते त्यात, तेही शेठनं काढायला लावले.

पोस्टातली आरडी सुटली : सव्वीस हजार चारशे.
खेमराज म्हणाला, "कॉम्प्युटरच घे बे.
खेळ सस्ते भेटतेत, काही तं फुकटात,
मंग कार्ड बदलव, रॅम वाढव.
डब्ब्याचं का हाय? बंद पडला तं बंद पडला."
खरं होतं त्याचं.
पवनीच्या बुडालेल्या टायपिंग क्लासमधला टॉवर चौदा हजार,
ग्राफिक्स कार्ड नऊ
(आधीच्या मालकाकडं त्यानं काय सोसलं, देव जाणे),
वर मॉनिटर,
आणि संध्याकाळी पंप सुरू झाले
की आमची लाइन एकशे साठवर येते,
म्हणजे यूपीएस.
पावतीच्या पाठीवर लिहीत गेलो.
पावती संपली.

दुसऱ्या पारड्यात :
नागपूर, सीताबर्डी, सेकंडहँड कन्सोल,
एकोणीस हजार, कंट्रोलर दोन.
एकाची डावी कांडी आपोआप उजवीकडं ओढते,
म्हणून पाचशे कमी.
टीव्ही घरात आहेच,
आठ ते साडेनऊ सोडून. तेव्हा तो आईचा.
पण एकेक तबकडी दोन-अडीच हजाराची,
आणि डाउनलोड म्हणाल
तर खेळ ऐंशी जीबीचा, रोजचा डेटा दीड :
त्रेपन्न दिवस.
तेवढ्यात रोवलेलं धान निसवतं.

घरातले सगळे कॉम्प्युटरच्या बाजूचे.
दामिनीला नर्सिंगचे फॉर्म भरायचे होते.
काकांनी तर सातबारा आधीच मागून ठेवला.
शेजारचा टेकराम विचारून गेला, प्रिंटरही घेतोस ना?
आई म्हणाली, "कामाची वस्तू घे बापा."

तिथंच काटा हलला.

रात्री खाटेवर पडून मी मोजत होतो,
या घरात बिनकामाचं काय आहे.
कूलर नाही, सुपडं नाही, शिलाई मशीन नाही,
कोंबडासुद्धा नाही.
भिंतीवरचं हरणांचं चित्र तेवढं,
तर तेही ओल झाकायला लावलेलं.
कॉम्प्युटर आला असता
तर पहिल्याच आठवड्यात कामाला लागला असता, माझ्यासारखा.

रिकाम्या गाडीलाही वजन असतं.
आम्ही ते रोज लिहितो, रोज वजा करतो,
त्याचे पैसे कुणी मागत नाही.

डबा आणला.
आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी
त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल टाकला.

बाबा साकोली डेपोतून रिटायर झालेत,
एकतीस वर्षं लाल गाडी.
पावणेदहाला टीव्ही मोकळा झाला तेव्हा
खुर्ची ओढून बसले,
नेमका तोच कंट्रोलर उचलला.
"उजवीकडं वढते," म्हणाले. "अलाइनमेंट गेली हिची."
आणि अंगठा किंचित डावीकडं धरून ठेवला,
शेवटपर्यंत.

बाकीच्या सात गाड्या धूळ उडवत गेल्या.
बाबा साठवर.
वळणाआधी हॉर्न शोधला, सापडला नाही,
तेव्हा तोंडानं वाजवला.
पुलावर वेग कमी केला.
बाजूच्या शेतात काय पेरलंय ते वाकून पाहिलं.
आठवे आले. गाडीला खरचटा नाही.

"पोचली ना?" त्यांनी दामिनीला विचारलं, मला नाही.
मग पुन्हा सडकेच्या सुरुवातीला आणून उभी केली,
आणि थांबले. थांबलेच.

मला उशिरा कळलं.
खाटेच्या लोखंडी पायावर मी चमच्यानं
दोनदा ठोकलं, टण टण,
तेव्हा कुठं गाडी सुटली.