समवर्ती सूची

देगलूर सोडलं की, मदनूरच्या अलीकडं
त्या उन्हाळ्यात एक मंडप ठोकला होता.
लग्नाचाच, लाल-पिवळ्या झालरीचा,
कारण लग्नं बंद होती आणि मंडपवाला रिकामा.
चार खांब महाराष्ट्रात, दोन तेलंगणात.
खुर्च्या आमच्या, पाण्याचा जार त्यांचा.

मी नागरिकशास्त्र शिकवतो, आठवीला.
ड्यूटी लागली : ताप बघणे, पास बघणे, वहीत लिहिणे.
पलीकडच्या टेबलाला नरसिम्लू, गणिताचा मास्तर.
त्याची वही तेलुगूत, माझी मराठीत,
आणि बोलणं दखनीत,
जी कुणाच्याच वहीत नव्हती.

एका कपाळावर दोन बंदुका धरायच्या.
माझ्या बंदुकीत अठ्ठ्याण्णव, त्याच्या बंदुकीत शंभर.
मग हा माणूस नेमका कुठल्या राज्यात आजारी
ते विचारायला दोन्ही तहसिलींना फोन.
तोवर तो लिंबाखाली झोपून उठायचा.

वर्गात मी फळ्यावर तीन रकाने आखतो.
संरक्षण, चलन, परराष्ट्र : संघसूची.
पोलीस, शेती, दवाखाने : राज्यसूची.
सार्वभौम दहादा लिहून घेतो, भौवरची मात्रा पोरं खातात म्हणून.
तिसऱ्या रकान्याशी खडू अडतो.
समवर्ती. दोघांचं.
"म्हणजे कुणाचं, सर?"
हे विचारणारं पोर मी दरवर्षी खाली बसवलंय.

आजोबा करोडगिरीत मोहरीर होते,
पार तिकडं, बार्शीच्या वाटेवर,
जिथं हाली रुपया संपायचा आणि कलदार सुरू व्हायचा.
कापसाच्या बोंद्रीत सळई खुपसून बघायचे, आत काय दडवलंय.
तेव्हा परमुलूख म्हणजे बार्शी. मदनूर घरचंच.
मग तो नाका उठला, आजोबा सळई घेऊन गावी आले,
आणि छप्पन साली
सरहद्द त्यांच्या मागं मागं चालत आली,
आमच्या पांदीपाशी येऊन बसली.

रेघ नको, असं मी म्हणणार नाही.
ताप खरा होता.
एकाच महिन्यात आमच्या गल्लीतून सातजण गेले,
त्यातला एक माझ्याच वहीतून, माझ्या सहीनं, आत आलेला.

गंगामणीचं घर इकडं, दोन एकर तिकडं.
रोज म्हैस घेऊन यायची.
"पास?"
"कशाचा, मास्तर? चरती तिकडं, दूध देती इकडं.
शेण कुठं टाकलं तेबी लिहा की."

एका रात्री जेसीबी आला आणि रस्ता खांदून गेला.
कुणाच्या हुकमानं?
आम्ही म्हणालो त्यांच्या, ते म्हणाले आमच्या.
सकाळी चर. कमरेइतका.
म्हैस पलीकडं अडकलेली, रेडकू अलीकडं हंबरतंय.
गंगामणी काठावर उभी,
शिवी कुणाला द्यावी तेही तिला ठरवता येईना.

नरसिम्लूनं माझ्याकडं बघितलं. मी जाराकडं.
मग म्हैसच उतरली चरात,
कुणाला न विचारता,
चिखल उडवीत इकडं चढली.

नियम तो नियम.
दोघांनी दोन बाजूंनी बंदुका धरल्या.
माझी, एकशे एक. त्याची, एकशे एक.
एकोणीस दिवसांत पहिल्यांदा आकडा जुळला.
"म्हशीला तेवढा असतोच," गंगामणी म्हणाली
आणि रेडकाचा दावा सोडला.

मी त्याच्या वहीत सही केली, त्यानं माझ्या.
कुणाच्या हुकमानं, ते आम्हीही विचारलं नाही.

पुढं पावसानं चर बुजला, मंडप दुसऱ्या गावी लग्नाला गेला.
तहसिलीतून मात्र एक पत्र आलंय :
नोंद क्रमांक चारशे बारा, प्रवासी म्हैस, एक,
राज्याचा रकाना कोरा का, खुलासा करावा.

दोन वर्षं झाली. कपाटात आहे.
परवा आठवीतल्या एका पोरानं तोच प्रश्न विचारला.
त्याला खाली बस म्हणालो नाही.
ते उभंच आहे अजून.