एका अक्षराचं नाव

खिडकीतल्या साहेबानं विचारलं, आडनाव?
मी म्हटलं, नाही.
बापाचं? वगिमान. तेवढंच. त्यालाही पुढंमागं काही नाही.
आमच्या क्लातेनकडे माणसाला एकच नाव पुरतं,
माझं तर एकाच अक्षराचं, श्री.

पण संगणकाला रिकामा रकाना चालत नाही.
त्यानं तेच अक्षर पुन्हा भरलं.
तैवानच्या ओळखपत्रावर मी आता श्री श्री आहे,
दोनदा हाक मारल्यासारखी,
पहिल्या हाकेला कुणी ओ दिली नाही म्हणून.

आई शेतात पाय टाकताना बिस्मिल्ला म्हणायची
आणि मग, जरा हळू, बांधाशी वाकून,
"म्बोक श्री, येऊ का?"
मशिदीतले पाक जुमादी रागवायचे.
आई म्हणायची, भात अल्लानं दिला, खरंय,
पण राहतं कोण त्यात?

भात पोटरीला आला की डोहाळे पुरवायची तिचे:
कच्ची पपई, चिंच, मिरची, केळीच्या पानावर.
नाव माझंच, तेव्हा वाटाही माझाच,
असं म्हणून मी गुपचूप खायचे.
लोंबी तरीही भरायची.

कापणीचं पातं बोटभर, मुठीत लपेल एवढं.
विळा दिसला तर ती घाबरून निघून जाईल, म्हणून
एकेक लोंबी,
झोपलेल्या पोरीच्या केसांतली काडी काढावी तशी.

ज्या साली यंत्र आलं, पिवळं, तासाच्या भाड्यानं,
आई बांधावर उभी होती मूठ मिटून.
मुठीत काही नव्हतं.
त्याच साली मी एजंटाकडे फोटो दिला.
आधी कोण गेलं, ती की मी,
यावर आई बोलत नाही.

इथं ताइचुंगला, सातव्या मजल्यावर,
मी लिन आजोबांना पेज भरवते.
त्यांच्या जिभेला जोडाक्षर जमत नाही. शी-ली, शी-ली.
हनुवटीवर ओघळलेलं शीत मी बोटानं टिपते
आणि सवयीनं स्वतःच्याच तोंडात टाकते.
ताटात शीत राहिलं की श्री रडते, आई सांगायची.
मला वाटायचं, म्हणजे मीच.
मग रडायला लागू नये म्हणून
ताट चाटूनपुसून लख्ख.

काल फोनवर आईला ओळखपत्र दाखवलं.
तिला वाचता येत नाही फारसं,
दोन अक्षरं सारखी आहेत, एवढं कळलं.
बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, बरं केलं त्यांनी.
एक तू.
दुसरीला जरा खिडकीत बसव, ऊन येतं तिथं.