साडेतीन फूट बाय दोन

सकाळी सहाला फोनवर हुकूम आला:
चौथा टप्पा लागू, बांधकाम बंद.
मी तो छापून गेटवर चिकटवला.
खळ वाळायच्या आत त्यावर धूळ बसली.

ग्रेटर नोएडात नोव्हेंबरचा सूर्य
शाई संपत आलेल्या शिक्क्यासारखा उमटतो.
समोरचा टॉवर दिसत नाही,
त्याची क्रेन तेवढी दिसते, वरच्या वर.

माझं पद: धूळ-नियंत्रण अधिकारी.
पगार साडेअठरा हजार, एक नोंदवही, एक शिट्टी.
वाळू झाकली का. खडी झाकली का.
ट्रकची चाकं धुतली का. पाणी किती वेळा मारलं.
मी होय, होय, होय, चार वेळा असं लिहितो
आणि बहुतेकदा ते खरंही असतं.
हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणारा हसतो.

फवाऱ्याची तोफ मात्र भाड्याची.
तासाला नऊशे. फोटोत वेळ छापून आली
की ती शेजारच्या साइटवर जाते,
तिथेही इमानदारीत थुंकते.

अकराला बैसला साहेब आले.
मास्क हनुवटीवर, खोकला घशात.
वाळू पाहिली. खडी पाहिली. चाकांखालचा चिखल
बुटाच्या टोकानं उकरून पाहिला.
मग मान वर केली.
सी टॉवर, दुसरा मजला:
हिरव्या जाळीत एक चौकोन, मोकळा.

"वाऱ्यानं फाटली असेल," मी म्हणालो.
"वारा?" ते म्हणाले.
"वारा असता, त्यागी, तर मी आज इथे कशाला आलो असतो?"

शिडी लावली. टेप धरली.
साडेतीन फूट बाय दोन. कडा सरळ.
खाली उतरले ते थेट पंपाच्या खोलीमागे गेले,
जणू कुणी आधीच सांगून ठेवलं होतं.

तिथे लोखंडाच्या दोन टेकूंमध्ये
झोळी बांधलेली. हिरवी.
आत सात महिन्यांचा जीव,
अंगावर जाळीची बारीक चौकडी.
शेजारी सुमरती, महोब्याची,
सकाळपासून रिकामे हात मांडीवर घेऊन.
ती उठली नाही. लपवलंही नाही काही.
एवढंच विचारलं:
"काम कधी खुलणार?"

बंदीच्या दिवसांची भरपाई असते, कार्डावर.
तिचं कार्ड जुन्या ठेकेदाराकडे,
जुना ठेकेदार आता कुठे ते कुणालाच माहीत नाही.
हे साहेबांना मी सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं नव्हतं.

झोळीतून खोकला आला.
मग साहेबांना आला.
एक पातळ, एक जाड,
पण एकाच विहिरीचं पाणी.

टेप त्यांनी पुन्हा काढली नाही.
नजरेनंच मापलं असावं.

दंड लिहिला. जाळी फाटकी: पन्नास हजार.
चूक म्हणणार नाही मी.
त्या चौकोनातून जी धूळ बाहेर पडते
ती कुणाच्या तरी छातीत उतरतेच,
आणि झोळी तिथून चाळीस पावलांवर आहे.
साहेबही हेच म्हणाले, माझ्याकडे न बघता.
मग पेन माझ्या हातात दिलं:
"कारणाचा रकाना तुम्ही भरा."

संध्याकाळी नवी जाळी आली,
पन्नास मीटरचा गुंडाळा.
चौकोन बुजला. फोटो काढला. चढवला.
दंड कंपनी ठेकेदाराकडून कापेल,
ठेकेदार कुणाकडून, ते हुकुमात लिहिलेलं नाही.
झोळी कुणी सोडली नाही.
मीही शिट्टी वाजवली नाही.

रात्री फलकावर आकडा चारशे एकसष्ट.
वही उघडली. कारणाचा रकाना कोरा,
त्यावर पातळसा थर.
गाल फुगवले, फुंकर मारणार,
तेवढ्यात आठवलं: कोरडी धूळ उडवण्यास मनाई.

उठलो.
फडकं ओलं केलं.