मापाडी

दिवसभर मी क्विंटलात बोलतो.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
गोणी काट्यावर चढली की मी आकडा ओरडतो,
व्यापारी लिहितो, हमाल उचलतो,
पावशेर इकडेतिकडे
कुणी मनावर घेत नाही.

संध्याकाळी कोपरखैरण्याला घरी येऊन
हात कोपरापर्यंत साबणानं धुतो
आणि पॉइंट शून्य पाचवर येतो.

दर तिसऱ्या दिवशी.
इन्सुलिनची बाटली लोण्याच्या कप्प्यातून
तासभर आधी बाहेर काढायची,
गार भरली तर बुडबुडे धरते.
बुडबुडा म्हणजे तेवढा वेळ पोरीला काहीच न पोचणं.
पेनानं टिचक्या मारत मी तो वर आणतो,
चष्मा कपाळावर, नळी ट्यूबलाइटसमोर.
वैजू म्हणते, मोती पारखतोय जणू.
झोपायच्या आधी सेट कधीच बदलायचा नाही
हे एकदाच शिकलो:
आतली नळी दुमडलेली, पहाटेचे साडेतीन,
साखर चारशे वीस,
आणि आम्ही तिघं मोरीपाशी, बादली घेऊन.

हिंदवीनं वहीत स्वतःचा नकाशा काढलाय.
बेंबीपासून दोन बोटं सोडून पोट,
डावी मांडी 'गावाकडची', उजवी 'शाळेची',
जिथं टोचून टोचून गाठ झालीय तिथं फुली,
खाली लिहिलंय: रस्ता बंद.

परवा ठाण्याहून डीलरचा फोन.
तो सेट आता येणार नाही, साहेब,
कंपनीनं बंद केला. नवा घ्या, तसाच आहे.
'तसाच आहे' हे बाजारात कधी म्हणतात
ते मला ठाऊक आहे.

कपाट उघडून मोजले. चार.
चार त्रिक बारा दिवस.

नवा आला. पांढरा, गोल, नळी हातभर लांब.
जुना निळा. दाबला की टक् व्हायचं.
त्या टक्‌पर्यंत हिंदवी श्वास धरायची,
टक् झालं की सोडायची.
नव्याचं आधी काही कळतच नाही.
"याला बोलता येत नाही," ती म्हणाली.
दुसऱ्या दिवशी कपाटात तीनच निळे.
चौथा कंपासपेटीत सापडला, कर्कटकाखाली.
कशाला गं? "सहलीला."
सहल डिसेंबरात आहे.
मी तो होता तिथंच ठेवला.

रविवारी गाळ्यावरून एक बटाटा आणला,
इंदूरचा, गुळगुळीत सालीचा.
म्हटलं, आधी याला लावू.
एक सेट वाया. त्या पैशात अख्खी गोणी येते,
पण तो हिशेब वैजूनं मला करू दिला नाही.
हिंदवीनं बटाटा स्पिरिटनं पुसला,
वाळेपर्यंत थांबली. मी थांबायला विसरतो, ती नाही.
"दीर्घ श्वास घे," ती बटाट्याला म्हणाली.
दाबलं.
ओलसर आवाज झाला, लोटलेल्या दाराचा.

"बटाट्यात साखर असते ना, बाबा?"
शंभर ग्रॅमला सतरा.
"मग याच्यात किती?"
मी तो तळहातावर तोलला.
चोवीस वर्षं हे हात चुकले नाहीत,
तरी फळीवरचा छोटा काटा काढला.
एकशे बारा.
तिनं वहीत मांडलं: एकोणीस.

मग उजव्या मांडीवर बोट ठेवलं, 'शाळेच्या'.
श्वास धरला.
आवाज कधी होईल ते माहीत नव्हतं,
म्हणून तिनं तोंडानंच केला,
टक्,
आणि मी दाबलं.

दोन तासांनी एकशे अडुसष्ट.

बटाटा अजून ओट्यावर आहे,
सेट लावलेला, नळी खाली लोंबतेय.
मंगळवारी वैजू म्हणाली, रश्श्यात टाकते हा आता.
हिंदवीनं वहीतून मान वर केली नाही.
"उद्यापर्यंत थांब.
त्याचा तिसरा दिवस उद्या आहे."