किल्ली

आज अकराव्यांदा.
दीड हजार फुटांवर खेइस्बर्ट माझ्या खांद्यावर
दोन बोटं टेकवतो, म्हणजे इंजिन गेलं.
खरं तर जात नाही. पाठीमागे गुरगुरत राहतं
दारात पडून असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखं.

नाक खाली. आधी नाक खाली.
हात मात्र काठी पोटाशी ओढू पाहतो,
उंची सोडवत नाही त्याला,
आणि उंची धरून बसणारा दगडासारखा बसतो खाली,
हे इथे कारूत मेंढ्यांनाही ठाऊक असावं.

वारा कुठला? पवनचक्कीची शेपटी बघ.
कुंपणाची तार, वारुळं, मग तो फिकट पट्टा
जिथे म्हणे कधीकाळी पाणी साचतं.
मी अजून पाहिलेलं नाही.

बाराव्यांदा तो खांद्याला हात लावत नाही.
किल्ली फिरवतो.

गुरगुर संपली.
डोक्यावर सपसप, सपसप,
पातं तसंच फिरतंय, कुणाला न विचारता.
ते इंजिनाचं कधी नव्हतंच.
आपल्याच पडण्याचा वारा खाऊन
फिरणारी भिंगरी ती.
आणि खालून, इतक्या वरपर्यंत,
एका मेंढीच्या गळ्यातली घंटा.

खडे मोजता येतील इतकी जमीन वर येते.
आत्ता ओढ.
चाकं टेकतात. सहा पावलं धूळ.

“लिंडेल्वा,” तो म्हणतो, “चल, परत वर.”
किल्ली फिरवतो. पुन्हा फिरवतो.
इंजिन खरंच सुरू होत नाही.

मग आम्ही दोघं ते यंत्र ढकलत
तारेच्या फाटकापर्यंत नेतो.
तो शिव्या देतो, आफ्रिकान्समध्ये.
मला हसू आवरत नाही.