नावे

एल आल्तोच्या थंडीत, केबलकारच्या जिन्याखाली
आई जांभळ्या मक्याचं गरम आपी विकते.
मी रात्रशाळेत हिशेब शिकते.

सर घोकून घेतात: घेणाऱ्याच्या नावे,
देणाऱ्याचे जमा.
म्हणून तिची उधारीची वही
खतावणीत उतरवायला बसले.

तिला अक्षर येत नाही.
पहिल्या पानावर हॅट, पुढे चार काड्या.
मग मिशी. मग लंगडा पाय, नऊ काड्या.
एक अख्खी बस: ड्रायव्हर फ्लोरेन्सियो,
सगळ्यांचे तोच देतो, शनिवारी.

शेवटी नुसते दोन डोळे.
काड्या अकरा.

"बूटपॉलिशवाला," आई म्हणाली, "तोंड झाकून असायचा,
वर्गातल्या पोरांनी ओळखू नये म्हणून."
नाव?
तिनं विचारलं नव्हतं.
मार्चपासून तो फिरकलेला नाही.

मी म्हटलं, याला बुडीत म्हणतात, आई.
नफ्यातून वजा करायचं, पान मिटायचं.

तिनं पातेलं ढवळलं.
"बुडालेले डोळे असे बघत नसतात."

परीक्षेत बुडीत कर्ज बरोबर आलं, दोन गुण.
घरच्या खतावणीत सतरावं पान त्याचं.
वर, नाव लिहितात तिथे,
पेन्सिलीनं डोळे काढले.
आईसारखे जमले नाहीत.