कानातले दगड

आमच्या किनाऱ्यावर मासा म्हणजे कॉड.
बाकीच्यांना नावं असतात, हेरिंग, सामन, कॅपलिन.
मासा म्हणजे मासा.

मी सेंट जॉन्सला तळघरात बसते,
समोर लिफाफ्यांची चळत.
प्रत्येकात दोन दगड, वालाच्या दाण्याएवढे,
कॉडच्या कानातले.
मधोमध मोडायचा, तेलाचा थेंब, भिंगाखाली धरायचा.
रुंद पांढरा पट्टा उन्हाळा,
बारीक काळी रेघ हिवाळा.
दोन्ही मिळून एक वर्ष.
दिवसाला दीडशे माशांची वयं लिहिते.
माझं स्वतःचं मात्र परवा फॉर्मवर चुकलं.

जुने लिफाफे पिवळे पडलेत,
कुणीतरी शाईच्या पेनानं तारीख घातलेली.
त्यांत चौदा सापडतात, सतरा सापडतात.
एकदा बाविसावी रेघ लागली
तेव्हा मी उठून चहा करून आले.
इतकं वय एका दमात मोजू नये.

लिअँडरकाका खांद्यावर मासा टाकून यायचा
आणि शेपटी वाळूत ओढत यायची.
रात्री क्षितिजावर परदेशी जहाजांचे दिवे,
न बोलावता येऊन राहिलेलं एक शहर.
त्यांनी खरवडलं, काका म्हणतो.
आणि आपणही,
हे दोन शब्द त्याच्यापुढे उच्चारायला
मला अकरा वर्षं लागली.
तो उठून दार लावायला गेला. दार लावलेलंच होतं.

आम्ही तरी काय करत होतो?
आमच्या फळ्यावर एक वक्र होता,
चढणारा, मग गर्दीनं मंदावणारा,
खडूनं काढलेली सोज्वळ टेकडी.
मासा त्या टेकडीवर राहत नव्हता.
कमी झाला तेव्हा तो विरळ झाला नाही,
जवळ आला,
थंडीत माणसं चुलीकडे सरकतात तसा.
जाळी भरूनच येत राहिली.
उरलेल्या हजारांवर पडलेलं जाळंही
लाखांवर पडल्यासारखंच जड लागतं.
आम्ही ते वजन बघून संख्या लिहिली.
ज्यांना शंका आली त्यांनी कानाडोळा केला.
मी नवीन होते. मी सुबक अक्षरात उतरवून घेतलं.

मग एका जुलैत समुद्र बंद झाला,
दुकान बंद होतं तसा, पाटी लावून.
काकानं बोट उपडी घातली,
पुढच्या थंडीत तिच्याखाली बटाटे होते.

आताचे दगड वेगळं बोलतात.
अंडी घालायचं वय आलं की पट्टे आवळतात;
पूर्वी सहाव्या-सातव्या वर्षी आवळायचे, आता पाचव्याच.
जाळ्यानं पिढ्यानपिढ्या मोठे उचलले,
उरलेल्यांनी लहानपण आखडतं घेतलं.
गावातली पोरंही तशीच,
मिसरूड फुटायच्या आत अल्बर्टाच्या विमानात.
एका रिकाम्या दुपारी मी माशांच्या कागदावर
गावाची वयं मांडून बघितली.
समुद्रात म्हातारे उरले नव्हते,
गावात म्हातारेच उरले होते.
दोन्ही तक्ते एकमेकांवर ठेवले असते
तर एक धड वस्ती झाली असती.
कागद मी फाडला. सरकारी होता.

या मंगळवारी गुल्स टिकलहून मर्लनं पाठवलेला लिफाफा,
मोजणीपुरती परवानगी आहे तिला, आठवड्याला थोडे.
मोडला, थेंब टाकला.
सात. आठ. इथे एक हिवाळा इतका बारीक
की तो उपाशी गेला असणार.
नऊ. दहा. पुन्हा पहिल्यापासून.
अकरा.

या दगडानंच मासा तोल सांभाळतो,
यानंच इंजिन ऐकतो.

काकाला आता ऐकू येत नाही.
मी फोनवर ओरडले, अकरा वर्षांचा!
काय?
अकरा! मासा! आपल्या टिकलमधला!
मागे त्याच्या किटलीची शिट्टी बराच वेळ वाजत राहिली,
मग त्यानं विचारलं,
कुणी मारला?

मी लिफाफा उलटून बघितला.
तारीख, खोली, लांबी, वजन.
त्यासाठी रकाना नाही.